पानावरून परतणारा प्रकाश आणि देठ परीक्षण : द्राक्षबागेत कशावर किती विसंबावे?

निफाडचा_बागायतदार :

नमस्कार मंडळी.

आमची थॉमसन सीडलेसची बाग डॉगरिज खुंटावर आहे. खरड छाटणीनंतर (एप्रिलमधली, नव्या काड्या तयार करून घेण्यासाठीची) पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास आणि फळ छाटणीनंतर (पुढे घड घेण्यासाठीची) फुलोऱ्यात, असे वर्षातून दोनदा देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची प्रयोगशाळेतली तपासणी, करून घेण्याची आमच्या घरची पद्धत आहे. नुकतेच एका कंपनीचे प्रतिनिधी बागेत आले होते. त्यांनी चिमट्यासारखे एक उपकरण पानाला लावले, आतला दिवा क्षणभर लागला आणि मिनिटभरात मोबाईलवर नत्र, स्फुरद, पालाशापासून बोरॉन आणि मॉलिब्डेनमपर्यंत बारा अन्नद्रव्यांचे आकडे आले, तेही दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत. पान तोडले नाही, वाळवले नाही, कसले रसायनही वापरले नाही.

देठांचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचून अहवाल हाती येईपर्यंत सूक्ष्म घडनिर्मितीचा (काडीच्या डोळ्यात पुढचा घड आकाराला येण्याचा) काळ सरत आलेला असतो, ही आम्हा सर्वांची खरी अडचण आहे, त्यामुळे अशा उपकरणाचा मोह होणे स्वाभाविक आहे. पानावरून परत आलेल्या प्रकाशावरून अन्नद्रव्ये खरोखर किती कळतात, आणि त्या बारा आकड्यांपैकी कोणत्या आकड्यावर ठिबकमधून सोडायच्या खताची मात्रा ठरवावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वर्णपट :

उत्तर लांबणार आहे, पण प्रश्न तसाच आहे.

पानावर पडलेल्या प्रकाशापैकी काही शोषला जातो, काही आरपार जातो आणि उरलेला परावर्तित होतो. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती टक्के परत आला याचा आलेख काढला, तर निरोगी हिरव्या पानाचा आलेख जगभर जवळपास एकाच घाटाचा दिसतो. हरितद्रव्य निळा प्रकाश आणि ६६० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात गिळते, मधल्या ५५० नॅनोमीटरजवळचा प्रकाश त्या मानाने जास्त परत येतो, म्हणून पान हिरवे दिसते. ६८० च्या पुढे मात्र हरितद्रव्याचे शोषण झपाट्याने संपते आणि ७५० पर्यंत परावर्तन काही टक्क्यांवरून थेट चाळीस-पन्नास टक्क्यांवर चढते. या कड्याला रेड एज म्हणतात. पानात हरितद्रव्य जास्त असेल तर हा कडा जास्त तरंगलांबीकडे सरकतो, कमी असेल तर अलीकडे येतो. ७५० ते १,३०० या पट्ट्यात रंगद्रव्यांचे काहीच चालत नाही. तिथे पेशींची रचना आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या बोलतात. त्यापुढे १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरजवळ पाण्याचे प्रचंड शोषण आहे.

आता नत्राकडे येऊ. प्रथिनांमधील नायट्रोजन-हायड्रोजन बंध १,५१०, २,०६० आणि २,१८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणजे नत्राची स्वतःची खूण अस्तित्वात आहे. पण ताज्या पानात पाणी इतके असते की ही खूण त्याच्याखाली दबून जाते. पान वाळवून दळले की ती वर येते. धान्यातील ओलावा आणि प्रथिने प्रकाशावरून मोजण्याची पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात उभी केली, तिचा पायाही अशाच शोषणखुणांवर होता, आणि आज अनेक धान्य आणि पशुखाद्य प्रयोगशाळा तिच्यावरच चालतात. ताज्या पानावरचा चिमटा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात सिलिकॉनचा संवेदक असेल, तर त्याला साधारण १,००० ते १,१०० नॅनोमीटरच्या पुढचे काही दिसतच नाही, म्हणजे प्रथिनांच्या मुख्य खुणा त्याच्या नजरेच्या पलीकडे राहतात.

मग तो नत्र सांगतो तरी कसा? तो हरितद्रव्य मोजतो आणि त्यावरून नत्राचा अंदाज बांधतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात हे खरे; तरी पानातल्या एकूण नत्रापैकी हरितद्रव्यात असलेला वाटा अगदी थोडा, एक-दोन टक्क्यांच्या घरातला असतो. बराचसा नत्र प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांमध्ये, विशेषतः रुबिस्को या विकरामध्ये असतो. नत्र कमी पडला की ही प्रथिने आणि हरितद्रव्य बरोबरीने घटतात, म्हणून अंदाज जमतो. नत्र गरजेपेक्षा जास्त झाला की मात्र पान आणखी हिरवे होत नाही, जादा नत्र नायट्रेटच्या किंवा इतर रूपात साठत राहतो आणि उपकरणाचा आकडा एका जागी अडकतो. थोडक्यात, हे साधन कमतरता ओळखते आणि अतिरेकापुढे आंधळे असते. द्राक्षात तर अनेकदा अतिरेकच नडतो : खरड छाटणीनंतर नत्र जास्त झाला की वेल शेंड्याने पळते, कॅनॉपी (पानोरा) दाटते आणि डोळ्यात घड धरण्याऐवजी बाळी (आधाराला वेढे घेणारा तंतू) निघते. ज्या चुकीची भीती सर्वात जास्त, तीच या आकड्यात दिसत नाही.

स्फुरद आणि पालाश यांची तर दृश्य आणि नजीकच्या अवरक्त प्रकाशात स्वतःची खूणच नाही. पालाश पानात सुट्या आयनाच्या रूपात फिरतो, तो कोणत्याही सेंद्रिय रेणूचा घटक नाही. त्याचा अंदाज पाण्याचे प्रमाण, पानाची जाडी, हरितद्रव्य अशा सोबत बदलणाऱ्या गोष्टींवरून काढला जातो, आणि ती सोबत सुटली की अंदाजही सुटतो. मॉलिब्डेनमबद्दल काय लिहावे? एक किलो वाळलेल्या पानात ते साधारण एखादा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. त्याचा दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंतचा आकडा दिव्याच्या एका उघडझापीत मिळाला असेल, तर तो संगणकाने तयार केला आहे, पानाने दिलेला नाही.

ज्योतमापी :

मी देठ परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. वर्णपट यांनी पानाविषयी लिहिले, परंतु निफाडकरांचे आजवरचे सारे अहवाल देठाचे आहेत आणि या दोन अवयवांचे रसायन वेगळे आहे. देठ हा वाहतुकीचा मार्ग आहे. त्यात त्या दिवशी मुळांकडून वर चाललेले नायट्रेट आणि पालाश भरपूर असते. पात्यात ते पोहोचून प्रथिने बनलेली असतात, त्यामुळे पात्यातील एकूण नत्राची टक्केवारी देठापेक्षा बरीच जास्त येते. द्राक्षासाठी आपण वापरतो ती प्रमाणके देठाची आहेत, खरड छाटणीनंतर पाचव्या पानाच्या देठाची आणि फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाच्या देठाची. पात्यावर चिमटा लावून मिळालेला आकडा या प्रमाणकांशी ताडून पाहणे म्हणजे थर्मामीटरचा आकडा रक्तदाबाच्या तक्त्यात शोधणे.

आमच्या बाजूचीही एक बाब सांगितली पाहिजे. नत्रासाठी आजही जी पद्धत सर्वत्र चालते ती योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकसित केली. तिच्या साध्या रूपात नायट्रेट पूर्णपणे मोजले जात नाही, त्यासाठी सॅलिसिलिक आम्ल घालून पाचन करावे लागते. देठात नायट्रेट भरपूर असल्यामुळे एकाच देठाचे दोन प्रयोगशाळांतील आकडे वेगळे येण्याचे हे एक कारण असू शकते. प्रकाशाचे उपकरण ज्या प्रयोगशाळेच्या आकड्यांवर शिकवले गेले, तिने कोणती पद्धत वापरली होती हे विचारल्याशिवाय त्या उपकरणाची अचूकता किती याला काही अर्थ उरत नाही.

शिवाय आम्ही नमुना आधी सौम्य साबणाच्या पाण्याने, मग विरल आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) मारलेल्या बागेतून न धुतलेले देठ आले, तर तांब्याचा आकडा वेलीचा येत नाही, फवारणीचा येतो. चिमटा तर धुळीसकट आणि बोर्डोच्या निळसर थरासकट पान पाहतो.

तासगावचा_माळ :

ज्योतमापीताई, फवारणीचा मुद्दा अगदी योग्य मांडलात. त्यात आमच्या भागातल्या दोन गोष्टी जोडतो.

आमच्या चुनखडीच्या जमिनीत शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची अडचण आहे, हे कोणताही अनुभवी बागायतदार पाहताक्षणी सांगेल, कारण नत्र कमी पडले तर वेल ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते आणि पिवळेपणा खालून सुरू होतो. पण हरितद्रव्य मोजणाऱ्या यंत्राला पिवळेपणा तेवढा दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. ते नत्र कमी असल्याचे सांगते, माणूस युरिया सोडतो, आणि शेंडा पिवळा तो पिवळाच. गंधक आणि मॅग्नेशिअमच्या कमतरतेतही हीच फसगत होऊ शकते.

दुसरी गोष्ट सीसीसीची, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढरोधकाची. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखण्यासाठी ज्या बागांत क्लोरमेक्वाट मारले जाते, त्या बागांतली पाने जाड आणि गडद हिरवी होतात. त्या पानावर यंत्र लावले, तर नत्र भरपूर आहे असेच दिसणार, खताचा दाणाही वाढवलेला नसताना. (२०१० साली याच क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली होती, ते येथे अनेकांना आठवत असेल.)

ज्योतमापी :

लोहाविषयी पुरवणी : पिवळ्या पडलेल्या पानातील एकूण लोह मोजले, तर ते पुष्कळदा हिरव्या पानाइतकेच, कधी त्याहून जास्तही निघते. लोह पानात पोहोचलेले असते, पण कामाच्या रूपात नसते. म्हणून ताज्या पानातील फेरस रूपातले, म्हणजे सक्रिय लोह ऑर्थोफिनँथ्रोलिनने काढून मोजण्याची पद्धत कत्याल आणि शर्मा यांनी १९८० मध्ये मांडली. येथे मात्र प्रकाशाचे यंत्र आमच्या एकूण लोहाच्या आकड्यापेक्षा वेलीच्या खऱ्या अवस्थेच्या जास्त जवळ असते, हे मान्य केले पाहिजे. त्याने त्या पिवळेपणाला नत्राचे नाव देऊ नये एवढेच.

सर्किटवाला :

चर्चा वाचून राहवले नाही. मी इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस आहे. सध्या बाजारात एएस ७२६५एक्स नावाचा तीन चिपांचा संवेदक मिळतो. तो ४१० पासून ९४० नॅनोमीटरपर्यंतचे अठरा पट्टे मोजतो आणि त्यात ७०५, ७३० व ७६० असे रेड एजच्या आसपासचे पट्टेही आहेत. त्यावर घरच्या घरी चिमटा करण्याचे माझ्या मनात आहे. पण तयार बोर्डावरच्या एलईडी लावून पान मोजले, तर नेमक्या या तीन पट्ट्यांचे आकडे फार लहान येतात आणि दर वेळी बदलतात. पट्टा खराब आहे असे समजावे का?

वर्णपट :

पट्टा खराब नाही, तिथे प्रकाशच नाही. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या अलीकडेच जवळपास संपतो आणि त्या बोर्डावरची अवरक्त एलईडी ८७५ च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात उजळते. मधला सारा प्रदेश अंधारात राहतो. जुन्या पद्धतीचा तारेचा छोटा हॅलोजन दिवा लावा, त्याचा प्रकाश तांबड्यापासून अवरक्तापर्यंत सलग असतो. दिवा लावल्यावर काही मिनिटे तापू द्या, कारण तार तापेपर्यंत त्याचा रंग सरकत असतो. मात्र पान त्याच्या उष्णतेने वाळणार नाही इतके अंतर ठेवा.

प्रत्येक वाचनाआधी दोन संदर्भ घेणे आवश्यक आहे. एक दिवा बंद ठेवून अंधाराचे, आणि एक पांढऱ्या टेफ्लॉनच्या जाड चकतीचे. पानाच्या वाचनातून आणि चकतीच्या वाचनातून अंधार वजा करून पहिल्याला दुसऱ्याने भागले, की परावर्तन मिळते. साधा पांढरा कागद वापरू नका. त्यात चमक आणणारी द्रव्ये असतात, ती निळ्या पट्ट्यात फसवतात. पानाच्या मागे नेहमी काळा मॅट पृष्ठभाग ठेवा, नाहीतर आरपार गेलेला प्रकाश मागच्या वस्तूवरून परत येऊन आकड्यात मिसळतो. त्यानंतर ७६० चे परावर्तन भागिले ७०५ चे परावर्तन, वजा एक, इतके गणित पुरे. गिटेलसन यांनी रूढ केलेला हरितद्रव्य निर्देशांक याच घडणीचा आहे, आणि तो एनडीव्हीआयसारखा (तांबड्या आणि अवरक्त परावर्तनावरून हिरवेपणा सांगणारा प्रचलित निर्देशांक) गडद पानात लवकर थांबत नाही.

बाजारातल्या स्पॅड या हरितद्रव्य मोजणाऱ्या मीटरविषयीही येथेच सांगतो. तो परावर्तन मोजत नाही. ६५० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश पानाच्या आरपार किती गेला ते तो पाहतो, तेही दोन बाय तीन मिलिमीटरच्या खिडकीतून. म्हणून शीर टाळणे आणि बऱ्याच पानांची सरासरी काढणे त्यात अपरिहार्य आहे.

कोकणी_खाचर :

भाताविषयी दोन ओळी. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेली पानांच्या रंगाची पट्टी म्हणजे हीच कल्पना डोळ्यांनी वापरणे आहे. पूर्ण उघडलेले सर्वात वरचे पान स्वतःच्या सावलीत धरून पट्टीच्या हिरव्या छटांशी ताडायचे, दहा पाने पाहायची, त्यातली निम्म्याहून अधिक ठरलेल्या छटेपेक्षा फिकी निघाली तरच युरिया द्यायचा. दर वेळी त्याच माणसाने साधारण त्याच वेळी पाहावे, एवढेच पथ्य. भातात हे चालते, कारण पीक चार महिन्यांचे आहे आणि युरिया दिल्यावर थोड्याच दिवसांत पान उत्तर देते.

लिंकनहून_सुहास :

मी नेब्रास्कात मक्यावर काम करतो. येथे मूळ आकड्यावर कोणी निर्णय घेत नाही. शेतातच एका पट्ट्याला भरपूर नत्र देतात आणि बाकीच्या शेताचे वाचन त्या पट्ट्याच्या वाचनाने भागतात. भागाकार ०.९५ च्या खाली गेला तर नत्र द्यावे, हा येथल्या विद्यापीठातील संशोधनातून आलेला सर्वपरिचित उंबरठा आहे. वाण, हवामान, पानाची जाडी हे सारे दोन्ही बाजूंना सारखे असल्याने भागाकारात बरेचसे निघून जाते. द्राक्षात असा पट्टा ठेवता येईल का?

वर्णपट :

सुहास, तुलनेचे तत्त्व घेता येईल, पट्टा जसाच्या तसा घेता येणार नाही. मका दरवर्षी नव्याने सुरू होतो. द्राक्षवेलीच्या मुळांत आणि खोडात मागच्या हंगामाचा नत्र साठलेला असतो आणि छाटणीनंतरची पहिली फूट बरीचशी त्या साठ्यावर निघते. त्यामुळे यंदा जास्त नत्र दिलेली ओळ आणि न दिलेली ओळ यांच्यातला फरक पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दिसेलच असे नाही. आणि मुद्दाम जास्त नत्र देऊन बागेच्या एका ओळीतील घडनिर्मिती बिघडवायला कोणता बागायतदार तयार होईल?

कंपन्यांच्या अचूकतेच्या दाव्याविषयी मात्र येथे लिहिणे भाग आहे. बहुतेक उपकरणे शेकडो पानांचे वर्णपट आणि त्याच पानांचे प्रयोगशाळेतील आकडे यांच्यात गणिती नाते जोडून तयार होतात. नंतर त्यातली काही पाने बाजूला ठेवून चाचणी घेतात आणि सहसंबंध ०.९ आला म्हणून छापतात. पण चाचणीची पाने आणि शिकवणीची पाने एकाच बागेतली, एकाच दिवसाची असतील, तर गणित पालाश शिकलेलेच नसते. ते बाग ओळखायला शिकलेले असते. खरी परीक्षा म्हणजे एक अख्खी बाग, शक्यतो एक अख्खा हंगाम, बाजूला ठेवून त्यावर अंदाज काढणे. त्यातही चुकीचा आकार नमुन्यांच्या मूळ फरकाशी ताडावा. समजा, तुमच्या तालुक्यातील बागांच्या नत्राचे प्रमाण विचलन ०.३ टक्का आहे आणि उपकरणाची चूकही ०.३ टक्का आहे; तर उपकरण न लावता सर्वांना सरासरी आकडा सांगितला असता, तरी तेवढीच चूक झाली असती. चूक त्याच्या निम्मी झाली, तेव्हा कुठे उपकरण कामाचे म्हणायचे.

निफाडचा_बागायतदार :

सर्वांचे मनापासून आभार. वर्णपट सरांच्या मुद्द्यांवरून मी प्रतिनिधींना फोन करून विचारले. त्यांचे उपकरण ४०० ते १,००० नॅनोमीटरचे आहे. द्राक्षाचे नमुने कोणत्या अवयवाचे आणि कोणत्या वाणाचे होते याचे उत्तर त्यांनी वरिष्ठांना विचारून कळवतो असे सांगितले. आमच्या धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की, उपग्रहाचा नकाशा फुकट मिळतो, तर चिमटा हवाच कशाला?

वर्णपट :

सेंटिनल-२ उपग्रहांच्या रेड एज पट्ट्यांचा एक चौकोन वीस मीटर बाय वीस मीटरचा, म्हणजे जवळपास चार गुंठ्यांचा असतो. त्यात वेली, दोन ओळींमधली माती, गवत आणि सावली सारे एकत्र येते. मांडव पूर्ण भरल्यावर चित्र बरे होते, वाय पद्धतीत (वाय आकाराच्या आधारावर वेल चढवतात तेव्हा) ओळींमधली मोकळी जागा त्रास देते. प्लास्टिकचे आच्छादन असेल तर विषयच संपला. त्याशिवाय एप्रिलच्या छाटणीचा पंचेचाळिसावा दिवस मेअखेरीस किंवा जूनमध्ये येतो आणि तेव्हा ढग येऊ लागलेले असतात. फळ छाटणीनंतरच्या फुलोऱ्यात आकाश बहुधा मोकळे मिळते, तेव्हा नकाशा जरूर पाहा. बागेचा कोणता कोपरा वेगळा वागतो आहे एवढे तो नक्की सांगेल.

आणि माझ्या मते चिमट्याचेही काम तेवढेच आहे. त्याने बागेचे गडद, मध्यम आणि फिके असे भाग पाडा, मग प्रत्येक भागातून देठांचा स्वतंत्र नमुना काढा. आज आपण चांगल्या-वाईट वेलींचे देठ एका पिशवीत मिसळून पाठवतो, त्यात दोन्ही टोके एकमेकांना झाकतात.

निफाडचा_बागायतदार :

हे पटले. तीन भागांचे तीन नमुने म्हणजे खर्च तिप्पट होईल, पण ठिबकचे व्हॉल्व्ह आमच्याकडे तसेही वेगवेगळे आहेत, त्यामुळे अहवालाप्रमाणे भागवार खत सोडता येईल. वाचन नेमके कोणत्या पानावर आणि केव्हा घ्यावे?

वर्णपट :

ज्या पाचव्या पानाचा देठ प्रयोगशाळेत जाणार आहे, त्याच पानाच्या पात्यावर घ्या, म्हणजे दोन्ही आकडे एकाच पानाचे राहतील. दव सुकल्यानंतर आणि त्या दिवसाच्या फवारणीआधी घ्या. मुख्य शीर टाळून पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक वाचन घ्या. भुरी किंवा डाऊनी या बुरशीजन्य रोगांचा डाग असलेले पान सोडून द्या. सीसीसी मारलेल्या आणि न मारलेल्या ओळी एकमेकींशी ताडू नका.

ज्योतमापी :

वाचन झाल्यावर पाते आणि देठ तिथेच वेगळे करा, कारण पाते जोडलेले राहिले तर देठातले द्रव्य त्यात ओढले जात राहते. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून नमुना कुजतो. कागदी पिशवी वापरा आणि तिच्यावर भागाचे नाव, छाटणीची तारीख आणि शेवटची फवारणी कोणती व केव्हा झाली ते लिहा. फिक्या भागातली थोडी कोवळी पाने वेगळी, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पाठवता आली, तर सक्रिय लोहही पाहता येईल. तुमच्याकडे चुनखडी किती आहे?

निफाडचा_बागायतदार :

विहिरीकडच्या अंगाला आहे, आणि फिके दिसते तेही तेच अंग. त्या बाजूची पाने वेगळी पाठवतो.